म्युनिकचा मांडव

तेरवीला आलेल्या प्रत्येक माणसानं तुम्हाला साधा माणूस म्हटलं. साधा! मी पदर तोंडाला लावून बसले होते, ते लोकांना रडणं वाटलं. कोण साधा? जो माणूस दुसऱ्याच्या लग्नात ताटाकडे नंतर आणि छताकडे आधी बघायचा, आणि घास तोंडात असतानाच यजमानाला ऐकू जाईल अशा आवाजात ‘हा मांडव हाये का वाळत घातलेलं लुगडं?’ असं विचारायचा, तो साधा? एका गृहस्थानं तर तुम्हाला मितभाषीही करून टाकलं. गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हटलं की लोकांना इतका आळस का येतो, कोण जाणे. तुम्ही ज्यांच्या ज्यांच्या कार्यात खोडी काढली, त्यातल्या एकानं तरी उठून तुम्हाला चार शब्द सुनवायचे होते. कुणी सुनवले नाहीत. म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि माझ्याइतकं ते कुणाला जमलंही नसतं.

तुमसरात तुमचं बिछायत केंद्र, म्हणजे मांडव-गाद्या भाड्यानं द्यायचं दुकान, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लोकांना वाटायचं, मास्तरीण घरात शिस्तीनं राहत असेल. घरात होतं काय, तर कनाती, सतरंज्या, गाद्या, रंगीत कापडांचे गठ्ठे आणि तुमची बडबड. शाळा सुटली की मी मशीनवर बसायची. तुमच्या दुकानातली एक झालर अशी नव्हती की जिचा टाका माझा नाही, आणि एक झालर अशी नव्हती की जी उचलून उजेडात धरून तुम्ही ‘वाकडी हाये’ म्हटलं नाही. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा अर्धी गिऱ्हाइकं गोंदियाच्या हद्दीत गेली, म्हणून बाकीचे बिछायतवाले रडत बसले. तुम्ही म्हणालात, ‘जिल्हा तोडला, लगनं त नाही तोडली ना?’ आणि गेलात तिकडेही मांडव लावायला. एवढी एकच गोष्ट मला तुमची आवडली होती. ती तेव्हा सांगायची राहून गेली, आता सांगून ठेवते.

प्रणालीनं आपल्याला म्युनिकला बोलावलं, तेव्हा तुम्ही आधी नाहीच म्हणालात. पोरीनं तिकडे नोकरी धरली याचा राग तुम्ही त्या देशावर काढत होता. मग निघालात ते असे, की जणू त्या लोकांवर उपकार करायला चाललात. विमानतळ बघितलात, ‘चांगलं हाये.’ राजाचा महाल बघितलात, ‘चांगला हाये.’ मोठं चर्च, नदी, पूल, सगळं चांगलं. मान वर न करता चांगलं. पोरगी खूश झाली, बाबांना आवडतंय म्हणून. मी मनात म्हटलं, बाई गं, तुझ्या बापानं अजून काहीच बघितलं नाही.

मग एका सकाळी तिनं आपल्याला ऑलिम्पिक पार्कला नेलं. जुनी गोष्ट, तिथं ऑलिम्पिकचे खेळ झाले ते आपल्या लग्नाच्याही आधी. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललो, झाडं मागे पडली आणि ते समोर आलं. मैदानावरून, हॉलवरून, पोहायच्या तलावावरून लांबच लांब पसरलेलं एक छत. भिंत अशी नाहीच. आडवे झुकलेले उंच खांब, त्यांच्यावरून लोंबणारे लोखंडी दोर, आणि त्या दोरांना धरून कुठं वर चढणारं, कुठं पार जमिनीकडे उतरणारं ते पारदर्शक छप्पर. त्यात आभाळ दिसत होतं. काळ्या पट्ट्यांनी जोडलेले चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात थोडं थोडं ऊन. मी तिथंच थांबले. आयुष्यभर मुलांना चित्रातली जगातली आश्चर्यं दाखवली होती, पण त्यातल्या एकाहीपुढे उभी राहिले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आणि माझ्या कानाशी तुमचा आवाज आला.

‘हा त मांडव हाये.’

‘बाबा, जगभरातले आर्किटेक्ट बघायला येतात हे,’ प्रणाली म्हणाली.

‘येवू दे. मांडवच हाये. अन झालर कुठी हाये याची? बिनाझालरचा मांडव लावला, अन जगाले बलावून राहिले पाह्याले.’

तिथून जे तोंड सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत बंद झालं नाही. खांब आडवे का लावले, पडलेल्यासारखे दिसतात. इकडची कड खाली का आली, नवरदेवाचा फेटा अडकला असता. एवढं उंच छप्पर कशाला, खालचा माणूस मुंगी दिसतो. ‘इचार तिले, हे भाड्यानं देतेत का,’ असं म्हणत तुम्ही पोरीला तिथल्या माहिती सांगणाऱ्या बाईकडे पिटाळलं. ती बिचारी गेली नाही, उगाच दूर जाऊन परत आली आणि म्हणाली, नाही देत म्हणे. त्यावर तुम्ही, ‘देवू नाही शकत. उकलाचं कसं हे त्यायलेच मालूम नसन.’ लाज वाटत होती मला. आजूबाजूचे गोरे लोक मान वर करून शांतपणे बघत होते, आणि आमच्या घरचा हा एक माणूस हातवारे करत जगाच्या आश्चर्याला नावं ठेवत होता.

त्या दोरांपैकी एक जाडजूड दोर खाली येऊन जमिनीत गेला होता. तुम्ही तिथं उकिडवे बसलात. हात लावलात, ठोकून बघितलंत, कान लावलात. मला वाटलं आता पोलीस येतात. ‘गाठ कुठी हाये याची? गाठ दिसत नाही, मास्तरीणबाई. गाठ लपवून ठेवली साल्यायनं.’ प्रणाली कॉफी घेऊन आली, ती थंड झाली, तरी तुम्ही उठला नाहीत. महालापुढे तुम्ही पाऊलही थांबवलं नव्हतं. मी बाकावर बसून तुमच्या पाठीकडे बघत होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की ज्या माझ्या झालरीवर हा माणूस रोज इतका वेळ घालवतो, ती त्याला बहुतेक आवडत असावी. इतक्या वर्षांनी, आणि तेही परक्या देशात एका बाकावर बसून कळलं. मला तुमचा जास्तच राग आला.

खरं भांडण झालं ते तिथल्या टेकडीवर. खालच्या तळ्याच्या काठाकाठानं आपण चढलो, वर गवतात लोक शर्ट काढून उन्हात पडले होते. तुम्ही नाक मुरडलंत. ‘उन्हात कायले पडून राहिले हे? सावली फुकट हाये तरी.’ मी म्हटलं, ‘यायच्याइथं ऊन रोज नाही येत जी. आलं की असं अंगावर घेतेत.’ तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही वरून ते छत बघत होता, आणि मग तुम्हाला ते सुचलं.

‘प्रणाली, हे खेळ कधी झाले म्हणे?’

‘खूप आधी बाबा. माझ्या जन्माच्या खूप आधी.’

‘अन मांडव अजून तसाच? काढला काहून नाही?’

पोरगी हसायला लागली. मी हसले नाही, कारण तुमचा चेहरा हसण्याचा नव्हता. तुम्हाला खरंच धक्का बसला होता. कार्य होऊन गेलं, पाहुणे आपापल्या घरी गेले, कित्येक पाहुणे मरूनही गेले, आणि मांडव उभाच. तुमच्या हिशेबात याच्याइतकं अडाणीपण दुसरं नव्हतं. आपल्या दुकानाचा नियमच होता, लग्नाचा मांडव वऱ्हाड परतलं की काढायचा, तेरवीचा तर दिवस मावळायच्या आत. कितीदा तुम्हाला जेवणाऱ्यांच्या डोक्यावरचं कापड सोडवताना मी बघितलं आहे.

‘जीव लागला असन लोकायचा,’ मी म्हटलं. ‘इतकं सुंदर काढाले हात नाही होत.’

‘जीव लागला म्हणून मांडव ठेवला, त थे घर नाही ना होत. मांडव काढासाठीच लावतेत.’

‘तुमच्यासारखे दगड काढतेत.’

मग प्रणालीनं मध्ये पडून विषय बदलायला म्हणून सांगितलं की आपण बसलो ती टेकडीसुद्धा खरी टेकडी नाही. लढाईत बाँब पडून शहरातली घरं कोसळली, त्यांचा मलबा इथं आणून टाकला, त्याच्यावर माती आणि गवत. मी पटकन पाय वर घेतले. तुम्ही गवत थोडं उपटून खाली बघितलंत. आणि म्हणालात, ‘हेही नाही काढलं. आळशी लोक हायेत बाप्पा.’

तेव्हा मी तुम्हाला बोलले. पोरीसमोर, त्या गोऱ्या लोकांसमोर, आपल्या बोलीत, चढ्या आवाजात. म्हटलं, माणसांची घरं होती ती, कुणाची चूल असेल खाली, कुणाचा पाळणा, आणि तुमाले दिसते काय त मजुरायचा आळस. जरा तरी मन हाये का छातीत, का तिथंही सतरंजीच अंथरली? तुमचं तोंड बंद झालं म्हणून मी समाधानानं बसले. मग तुम्ही खाली, त्या छताकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘मन हाये म्हणूनच काढाले पाहिजे. घरच्यायले रोज दिसते ना थे. मी तेरवीचा मांडव दिवस मावळाच्या आत काढतो, थो का सतरंजी मोजाची घाई असते म्हणून? सकाळी उठून त्या माणसाच्या बायकोले दारात थो मांडव दिसू नये म्हणून काढतो.’

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नाही, तुम्हाला जिंकू द्यायचं नव्हतं म्हणून. प्रणालीनं विषय बदलला, आपण खाली उतरलो, गाडीत बसलो. ते भांडण तिथंच राहिलं आहे, त्या गवतावर.

घरी आल्यावर तुम्ही काय करणार, हे मला ओळखता यायला हवं होतं. दुकानात पाय ठेवल्याबरोबर सुकरामला म्हणालात, ‘थ्यायनं लोखंडानं केलं, मी बांबूनं करतो. अन एका दिवसात लावून एका दिवसात उकलून दाखवतो.’ सुकराम तुमचा जुना माणूस, तुमच्या प्रत्येक खुळात खांदा देणारा. दोघं नागपूरला गेलात आणि जाड पारदर्शक प्लास्टिकचे गुंडाळे घेऊन आलात. आणि ते आणून ठेवलेत कुठं, तर माझ्या मशीनजवळ. म्युनिकसारखे चौकोन पाहिजेत, प्रत्येक जोडावर काळी पट्टी पाहिजे. प्लास्टिक मशीनच्या पायाखाली सरकत नाही, चिकटतं, सुई तुटते. किती सुया तुटल्या ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. तुम्ही मध्ये मध्ये यायचात, एक जोड उचलून उजेडात धरायचात, ‘वाकडी हाये पट्टी.’ आणि जायचात. एकदा मी कात्री फेकली होती, ती दाराला लागली, आठवते का?

आणि मग, वैशाखात, भर दुपारच्या मुहूर्ताला, अड्याळच्या एका लग्नात तुम्ही तो मांडव लावलात.

मला अजून कळत नाही की मांडवाच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाला हे कसं सुचलं नाही. भंडाऱ्याचं ऊन. वैशाख. लोक मांडव लावतात कशासाठी? सावलीसाठी. आणि तुम्ही लावलात ऊन आत घेणारा मांडव. म्युनिकच्या लोकांना ऊन भेटत नाही म्हणून त्यांनी ते छपरातून आत सोडलं, हे मी त्या टेकडीवर तुमच्या कानात ओरडून सांगितलं होतं. पण मास्तरणीचं ऐकायचं कशाला!

दिसायला मांडव झकास होता. सकाळी गाव बघायला आलं. आडवे बांबू, वर चढत खाली उतरत गेलेलं ते चमचमणारं छत, मुलीचा बाप छाती फुगवून फिरत होता, माझ्याइथं फॉरेनचा मांडव लागला म्हणून. दुपार झाली आणि आत भट्टी पेटली. जवाहरनगरहून नवरदेवाचं वऱ्हाड बसमधून उतरलं ते आत शिरलं आणि तसंच उलट बाहेर आलं. नवरदेवाच्या मावशीला भोवळ आली. मठ्ठ्याचा ड्रम कढत झाला. भटजी मंत्र म्हणता म्हणता उपरण्यानं घाम पुसत होते, मंत्र कमी आणि ‘पाणी आना’ जास्त ऐकू येत होतं. शेवटी कुणीतरी नवरा-नवरीला उचलून शेजारच्या चिंचेखाली नेलं आणि तिथं लग्न लागलं. अख्खं गाव चिंचेखाली, आणि तुमच्या मांडवात तुम्ही एकटे. बनियन अंगाला चिकटलेली, मान वर.

मी चिंचेखालून तुम्हाला बघत होते. लोक हसत होते. पोट्टे तुमच्या मांडवात एक पाय टाकून ‘भाजला, भाजला’ ओरडत पळत होते. मला तुमची कीव यायला हवी होती. आली नाही. मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा संताप, कारण त्या छतात माझीही दिवाळी होती. तुम्ही बाहेर आलात आणि मला पहिलं वाक्य काय म्हणालात? ‘सूर्य एकदम डोक्यावर आला ना आज.’ जणू बाकीच्या दिवशी तो पायाखालून जातो.

बाजारात तुमचं नाव पडलं भट्टीवाले. गुलाबभाऊंनी, तुमच्या समोरच्याच बिछायत केंद्रवाल्यांनी, ते जास्त पसरवलं. मी त्या मांडवाची घडी घातली, गोदामात अगदी आतल्या कोपऱ्यात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे टाकली आणि तुम्हाला सांगितलं, हा मांडव या घरात पुन्हा उघडला तर मी राहणार नाही. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. पण गोदामात गेलात की त्या कोपऱ्याकडे बघायचात, हे सुकराम मला सांगायचा.

या हिवाळ्यात दवाखान्यात तुम्हाला ठेवलं तेव्हा मी फारशी घाबरले नव्हते. श्वासाचा त्रास जुना होता. पहिल्या दिवशी तुम्ही नर्सला चादरीची किनार वाकडी शिवली आहे म्हणून सांगितलंत, सलाईनच्या दांड्याला हात लावून ‘खांब हलते याचा’ म्हणालात. मी निर्धास्त होते. मग एक दिवस मुगाची खिचडी आली, नुसतं पाणी. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि म्हणालात, ‘चांगली हाये.’ मी तुमच्याकडे बघितलं. वर छताचा एक चौकोन सुटून लटकला होता, ओलीचा मोठा डाग पडला होता. मुद्दाम दाखवला. म्हटलं, ‘पाहा न जी, कसं छत लावलं हाये. पडन कोणाच्या डोक्यावर.’ तुम्ही वर बघितलं, की बघितलंही नाही, आणि म्हणालात, ‘असू दे. चांगलं हाये सगळं.’

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि भिंतीला धरून रडले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मला आधीच कळलं होतं.

तुमच्या धंद्याची एक रीत आहे, बिछायतवाल्याच्या घरच्या कार्याचा मांडव तो स्वतः लावत नाही, गावातला दुसरा बिछायतवाला येऊन लावून देतो. तुम्ही कितीजणांचे असे लावलेत. त्या रीतीनं तेरवीच्या आदल्या दिवशी गुलाबभाऊ आले. त्यांच्या गाडीत चुण्या पाडलेलं पांढरं-निळं सॅटिन होतं, ज्याला तुम्ही जन्मभर ‘पडद्याचं दुकान’ म्हणालात. आणि वर एक थर्माकोलची कमान, तिच्यावर फुलं. मी ते बघितलं. तुमच्या दारात, तुमच्या तेरवीला, पडद्याचं दुकान.

प्रणाली माझ्यामागे येऊन उभी राहिली. ‘आई, बाबांचा तो मांडव आहे ना आत?’

‘आहे, आणि आतच राहील,’ मी म्हटलं. ‘जिवंतपणी लोक हसले तेवढे पुरेत. तेरवीलाही हसायला देऊ?’

ती अंगणात जाऊन उन्हात उभी राहिली. पौष महिना. धान निघून गेलेलं, थंडी हाडात शिरणारी. गल्लीतल्या म्हाताऱ्या भिंतीला पाठ लावून उन्हाच्या तुकड्यात बसल्या होत्या, ऊन सरकलं की त्याही सरकत होत्या. मी पोरीकडे बघितलं, त्या म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि मला त्या टेकडीवरचे शर्ट काढून पडलेले लोक आठवले. मला स्वतःचाच राग आला, की हे मला सुचावं आणि तुम्हाला कळवता येऊ नये.

‘गुलाबभाऊ, कापड तुमचं राहू द्या. हात तेवढे द्या,’ मी म्हटलं. ‘सुकराम, आतला काढ.’

गुलाबभाऊंचा चेहरा पडला. ‘वहिनी, थो मांडव? त्या मांडवानं त अड्याळले...’

‘मले मालूम हाये काय झालं. त्यातली सुई मीच चालवली.’

लागला तुमचा मांडव. गुलाबभाऊंच्या माणसांनी रीतीप्रमाणे बांबू रोवले, सुकराम तुमच्यासारखाच आरडत दोर ताणत फिरला. तेरवीच्या दिवशी दारात वारा सुईसारखा होता आणि आत, छताखाली, कोवळं ऊन भरलेलं होतं. माणसं जेवण आटोपूनही उठेनात. शाली उतरवून बसली. तुमची थोरली बहीण, जी थंडीत खोलीबाहेर येत नाही, ती मध्यभागी मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘किती बरं वाटून राहिलं वो.’ गुलाबभाऊ मान वर करून खूप वेळ बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘भाऊचा मांडव बरोबर होता, वहिनी. महिना चुकला होता.’

म्हणून काय तुम्ही शहाणे ठरत नाही. वैशाखात असला मांडव लावणारा माणूस मूर्खच, आणि ते मी कुणासमोरही म्हणेन. पण मी ज्याच्यावर संतापले होते त्या छताखाली मी बसले, ऊन अंगावर घेतलं, आणि तुम्ही ते बघायला नव्हता. एकदा, फक्त एकदा हिवाळ्यात लावून बघू, असं तुम्हालाही सुचलं नाही आणि मलाही नाही. दोन शहाणी माणसं एका घरात राहत होतो, आणि इतकी साधी गोष्ट तुम्ही गेल्याशिवाय सुचली नाही. याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

दिवस कलला तशी पाहुण्यांची पांगापांग झाली. सुकराम शिडी घेऊन आला, मागे गुलाबभाऊंची माणसं. मी दारात उभी राहिले.

‘राहू दे,’ मी म्हटलं.

‘बाई, तेरवीचा मांडव हाये,’ सुकराम चाचरला. ‘दिवस मावळाच्या आत काढाचा, भाऊच सांगे.’

‘भाऊ सांगे, त त्यालेच बलाव.’

तो शिडी घेऊन तसाच उभा राहिला, मग भिंतीला टेकवून डोळे पुसत गेला. पोरीला कारण सांगावं लागलं नाही. तिनं ते भांडण ऐकलं होतं.

मांडव अजून उभा आहे. गल्लीतल्या म्हाताऱ्या आता भिंतीशी बसत नाहीत, सकाळपासून याच्यात येऊन बसतात. मीही बसते. तुम्ही म्हणाला होता ते खरं आहे, सकाळी दार उघडलं की तो समोर दिसतो आणि छातीत कळ येते. रोज येते. तरी मी तो काढू देत नाही. त्या टेकडीवर तुम्हाला जे उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते हे आहे.

आणि बसल्या बसल्या वर बघते. मधल्या चौकोनाचा जोड ढिला आहे. पूर्वेकडचा बांबू झुकला आहे, सुकरामनं घाई केली. आणि काळी पट्टी वाकडी आहे, अगदी तुम्ही म्हणत होता तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकडी. भिकार मांडव आहे तुमचा. कधी काढायचा हे बिछायतवाल्यानं ठरवायचं असतं, तर या, आणि तुमच्या हातानं काढून न्या.